उचलते, पण चालत नाही: जुन्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचं एक प्रकरण

(माणसांची आणि जागेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यंत्रातला दोष, मोजलेले आकडे आणि झालेल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्यातली एक चूक माझी आहे.)

पार्श्वभूमी

मार्च महिना, तासगाव-सांगली पट्टा, बेदाण्याची आवक ऐन जोरात. शेडवर वाळलेला आणि प्रतवारी झालेला माल कोल्ड स्टोरेजच्या दारात येतो, १५-१५ किलोचे बॉक्स पॅलेटवर रचले जातात आणि ४-५ अंशांच्या चेंबरमध्ये थप्पीला लागतात. या कामाला डिझेलची फोर्कलिफ्ट चालत नाही. बंद चेंबरमध्ये धूर कोंडतो, आणि बेदाण्याला वास लागला तर सौद्यात त्याला कोणी विचारत नाही.

स्टोरेजच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी जानेवारीत पुण्याकडच्या एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडून ४८ व्होल्टची, दीड टनाची, चारचाकी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट घेतली. किंमत ३ लाख ४० हजार, आणि बोली 'जशी आहे तशी'. अंगावर ताजा पिवळा रंग, सीटला नवं कव्हर. मॅन्युअल नाही, वायरिंगचा नकाशा नाही, चावी एकच. व्यापाऱ्याच्या आवारात अण्णांनी ती पुढे-मागे पळवून पाहिली, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) वरपर्यंत नेला, फोर्क खाली आणले. सगळं ठाकठीक होतं.

मोटर डीसी, सेपरेटली एक्साइटेड प्रकारची. म्हणजे आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि फील्ड (भोवतीचं चुंबकाचं वेटोळं) या दोन्हींना कंट्रोलर, म्हणजे मोटरचा करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, वेगवेगळा करंट देतो आणि दिशा बदलायची तर फक्त फील्डचा करंट उलटा करतो. त्यामुळे जुन्या गाड्यांमध्ये असतात तसे फॉरवर्ड-रिव्हर्सचे वेगळे कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे जाड करंटचे स्विच, यात नाहीत. एकच मेन कॉन्टॅक्टर, तो ओढला गेला की कंट्रोलरला बॅटरीचा जाड सप्लाय मिळतो. लिफ्टच्या पंपाची वाट मात्र अगदी वेगळी: त्याची मोटर वेगळी, कॉन्टॅक्टर वेगळा, आणि तो लिव्हरखालच्या मायक्रोस्विचवर चालतो.

अडचण

गाडी १६ दिवस चालली, मग आडायला लागली. मला फोन आला तेव्हा तिला पूर्ण बंद पडून दोन दिवस झाले होते. अण्णांचं वाक्य एवढंच होतं, "उचलती मस्त, पण जागची हालत न्हाई. कंट्रोलर गेलाय म्हणत्यात."

म्हणणारा गावातलाच एक इलेक्ट्रिशियन. माणूस कष्टाळू आणि हाताला चांगला. त्याने एक अख्खा दिवस घालवून मोटरचे कार्बन बदलले होते, चावीचा स्विच बदलला होता, सगळे जोड आवळले होते. कंट्रोलरवरचा छोटा लाल दिवा ठरावीक लयीत लुकलुकतोय हेही त्याने पाहिलं होतं, पण कोडचा तक्ता जवळ नसल्याने त्याचा अर्थ लागला नाही. तरी कोणीतरी त्याला सांगितलं की हा कोड 'सीटचा' आहे. मग त्याने सीट स्विच आणि हँडब्रेकचा स्विच दोन्ही बाजूला ठेवले आणि चावीकडून थेट कंट्रोलरच्या इंटरलॉक पिनपर्यंत ('ड्रायव्हर बसलाय, ब्रेक सुटलाय' हा सिग्नल जिथे येतो ती पिन) एक वायर ओढली. आपल्या भाषेत, 'डायरेक्ट' केलं. गाडी तरीही हलली नाही. त्याने निष्कर्ष काढला की सगळे स्विच वगळूनही चालत नाही म्हणजे कंट्रोलरच मेला आहे.

मी याला हसणार नाही. तर्क सरळ आहे, आणि दहा वर्षांपूर्वी मीही तोच केला असता.

समोरचे पर्याय

अण्णांच्या हातात दुरुस्त केलेल्या कंट्रोलरचं कोटेशन होतं, ९५ हजार रुपये. विजेचा माल म्हणून परत घेणार नाही, चार दिवसांत पोचेल. दुसरी वाट, आहे तोच कंट्रोलर काढून पुण्याला दुरुस्तीला पाठवणे. खर्च कमी, पण आठ-दहा दिवस मोडणार. तिसरी, व्यापाऱ्याशी भांडणे. 'जशी आहे तशी'च्या बोलीवर त्यातून काय निघालं असतं ते सांगायला नको. दरम्यान काम हँड पॅलेट ट्रकवर आणि सहा हमालांवर चाललं होतं. त्यांनी पॅलेट आत नेता येतं, पण थप्पी उंच लागत नाही. त्यामुळे चेंबर अर्ध्या उंचीपर्यंतच भरत होतं आणि दारात ट्रक खोळंबले होते.

अण्णा कंट्रोलर मागवायच्या बेतात होते. रोजचा खोळंबा पाहता ९५ हजार त्यांना फार वाटत नव्हते. मी एक दिवस मागितला. त्यामागे माझा हिशेब असा होता की कंट्रोलर खरंच मेला असेल तर त्याचा दिवा सहसा मुकाट बसतो, नाहीतर आतल्याच बिघाडाचा कोड देतो. हा तर नेमाने एकच गोष्ट सांगत होता, फक्त ती कोणी वाचलेली नव्हती.

पहिली फेरी

गाडी शेडमध्ये उभी होती. आधी बॅटरीचा प्लग काढला. हातातलं कडं, घड्याळ उतरवलं. ट्रॅक्शन बॅटरीच्या टर्मिनलवर धातूचं कडं आडवं पडलं तर हात गमावायची पाळी येते. पुढची दोन्ही चाकं, म्हणजे ड्राइव्हची, जमिनीपासून दोन बोटं उचलून चॅसिसखाली सागवानी ठोकळे दिले. 'चालत नाही' म्हणून आलेली गाडी वायर हलवता हलवता अचानक चालू लागते आणि समोर कोण उभं आहे ते ती बघत नाही.

प्लग काढल्यावरही कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मी दोन २४ व्होल्टचे ट्रकचे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांचा एक दिवा करून ठेवलाय. तो कंट्रोलरच्या जाड टर्मिनलांवर टेकवला. क्षणभर पिवळा उजेड पडला आणि विझला. त्यानंतरच आत हात घातला. हाच दिवा पुढे या प्रकरणात जास्त कामाला आला.

बॅटरीपासून सुरुवात केली. २ व्होल्टचे २४ सेल. एकूण व्होल्टेज ५०. हायड्रोमीटरने सगळे सेल पाहिले. बहुतेक ठिकाणी ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची सापेक्ष घनता, १.२४०-१.२५०, एका सेलची १.१९०. पूर्ण चार्ज झालेल्या ट्रॅक्शन सेलची ग्रॅव्हिटी साधारण १.२८० असते, त्या हिशेबाने बॅटरी पाऊण भरलेली आणि एक सेल कच्चा. झाकणांवर ओल होती. मीटरची एक पिन पॉझिटिव्हला आणि दुसरी चॅसिसला लावली तर १४ व्होल्ट दिसले. इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची चॅसिस बॅटरीच्या कोणत्याच टोकाला जोडलेली नसते, त्यामुळे इथे व्होल्टेज दिसणं म्हणजे वरच्या आम्लाच्या ओलीतून गळती. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून झाकणं धुतली, पुसली. आकडा २ वर आला.

कच्चा सेल सापडला की दोष सापडल्यासारखं वाटतं. पण गाडी उचलत होती, आणि उचलताना व्होल्टेज ४७ च्या खाली जात नव्हतं. शिवाय बॅटरी उतरली की या गाड्यांवरचा इंडिकेटर आधी लिफ्ट बंद करतो, चालणं चालू ठेवतो, म्हणजे गाडी निदान चार्जिंगपर्यंत पोचते. इथे नेमकं उलटं होतं. सेलचा नंबर वहीत लिहिला आणि पुढे गेलो.

मोटरचे कार्बन नवे होतेच. आर्मेचर आणि फील्ड दोन्हीत कंटिन्युइटी होती, मेगरवर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) बॉडीला गळती नव्हती. मोटर बाजूला झाली.

आता दिवा. प्लग लावला, चावी फिरवली, लय मोजली. दोन लुकलुक, थांबा, पुन्हा दोन. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून कंट्रोलरच्या पाटीचा फोटो भोसरीतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला पाठवला. त्याने मॅन्युअलच्या पानाचा फोटो पाठवला. तो कोड 'सीट खराब' असं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता: क्रम चुकला.

इथे सगळं प्रकरण उलटलं, म्हणून हा क्रम नीट सांगतो. या कंट्रोलरला फक्त व्होल्टेज येऊन भागत नाही, ते ओळीने यावं लागतं. आधी चावी. मग इंटरलॉक, म्हणजे ड्रायव्हर सीटवर आहे आणि हँडब्रेक सुटला आहे असा सिग्नल. मग फॉरवर्ड किंवा रिव्हर्स. शेवटी पेडल. चावी फिरवली त्याच क्षणी इंटरलॉक आधीच हजर असेल तर कंट्रोलर समजतो की कुठेतरी स्विच चिकटला आहे किंवा वायर शॉर्ट आहे. अशा गाडीने चावी लावताच उडी मारली तर माणूस चिरडेल, म्हणून तो ड्राइव्ह देतच नाही. ही सेटिंग सगळ्या गाड्यांवर असते असं नाही, या गाडीवर होती.

चावीकडून थेट ओढलेली ती वायर नेमकं तेच करत होती. चावी आणि इंटरलॉक एकदमच येत होते. ज्या 'डायरेक्ट'ने कंट्रोलर मेल्याचं सिद्ध झालं होतं, त्याच 'डायरेक्ट'ने गाडी अडवून धरली होती.

वायर काढली. दोन्ही स्विच पूर्ववत जोडले. चावी फिरवली, सीटवर बसलो, हँडब्रेक सोडला. मेन कॉन्टॅक्टर ठक्‌कन ओढला गेला. फॉरवर्ड टाकला, पेडलवर अंगठा दाबला आणि चाकं हवेत फिरली. खाली उतरवून शेडभर पळवली, रिकामी आणि पॅलेट घेऊन. अण्णांनी कोटेशनचा कागद घडी करून खिशात ठेवला, चहा आला. मी दीड हजार घेतले आणि मिरजेला परतलो.

ही माझी चूक.

दुसरी फेरी

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन. "परत थांबली. दिवा तसाच लुकलुकतोय."

वायर तर मी माझ्या हाताने काढली होती. मग क्रम आता कोण मोडतंय?

जो प्रश्न आदल्या दिवशी विचारायला हवा होता तो आता विचारला, आणि अण्णांना नाही तर ड्रायव्हरला. जत तालुक्यातला पोरगा, फार बोलणारा नाही. तो म्हणाला, "साहेब, ही सकाळी कधीच बंद पडत न्हाई. सकाळी दहा-बारा फेऱ्या मारती. मग ऊन चढलं की आडती. लिव्हर न्यूट्रलला आणून, उठून परत बसलं की थोडी चालती. पयल्यापासनं आसंच हाय."

पहिल्यापासून. म्हणजे वायर ओढण्याच्याही आधीपासून. इलेक्ट्रिशियनच्या वायरने वर एक दुसरा दोष बसवला होता. मी तो वरचा काढला आणि खालचा तसाच ठेवून निघून गेलो. दोन दिवस शेडमध्ये उभं राहून गाडी खडखडीत वाळली होती, म्हणून माझ्यासमोर गुमान चालली.

वाळली हा शब्द इथे महत्त्वाचा. ४ अंशांच्या चेंबरमधून गाडी दर फेरीला मार्चच्या उन्हात येते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसा तिच्या थंड लोखंडाला फुटतो, आणि तो घाम फूटबोर्डखाली जिथे वायरिंगचे जोड असतात तिथे उतरतो. दर फेरीला थोडा थोडा. रात्रभर शेडमध्ये तो सुकतो, आणि सकाळी गाडी पुन्हा शहाणी होते.

या वेळी मी तिला शेडमध्ये तपासलीच नाही. माझ्या मीटरमध्ये सगळ्यात कमी आलेला आकडा धरून ठेवायची सोय आहे. त्याच्या दोन लांब वायरी इंटरलॉक पिन आणि बॅटरी निगेटिव्हला लावल्या, मीटर डॅशला चिकटपट्टीने बांधला आणि पोराला सांगितलं, नेहमीचं काम कर, आडली की चावी बंद न करता हाक मार. मी बरोबर चढलो नाही. या गाडीवर जागा एकाच माणसाची असते. दारात स्टूल टाकून फेऱ्या मोजत बसलो.

नवव्या फेरीला हाक आली. धरलेला आकडा २८ व्होल्ट. यायला हवे होते ४९.

गाडी तिथेच, दारात, ओली असतानाच अडवली. लिव्हर न्यूट्रलला, चाकांना लाकडं. उठून पुन्हा बसवलं आणि कान लावला. कॉन्टॅक्टरचा एक खणखणीत 'ठक्' यायला हवा. त्याऐवजी टक्‌-टक्‌-टक्‌ अशी बारीक थरथर येत होती, घड्याळ बिघडल्यासारखी. लिफ्टच्या पंपाच्या आवाजात आणि हमालांच्या गलबल्यात ती इतके दिवस कोणाला ऐकू आली नव्हती.

मग मागे मागे सरकत मोजलं. सीट स्विचच्या बाहेर ४९. हँडब्रेक स्विचच्या पलीकडे, कंट्रोलरच्या पॅनेलकडे जाणाऱ्या वायरवर, ३१. मधले १८ व्होल्ट हँडब्रेकच्या आसपास कुठेतरी खाल्ले जात होते.

फूटबोर्ड काढला. हँडब्रेकच्या स्विचकडून येणारी वायर पूर्वी कधीतरी तुटलेली होती आणि कोणीतरी ती नुसती पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली होती. टेपवर पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते, म्हणजे विक्रीसाठी रंग मारला त्याच्याही आधीचा हा जोड. टेप सोडवली तर आतून हिरवी भुकटी सांडली. तांब्याच्या अख्ख्या जुडग्यातल्या तीन-चार तारा काय त्या एकमेकींना टेकलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर पाणी.

आता मी मुद्दाम एक गोष्ट अण्णांना आणि इलेक्ट्रिशियनला (त्यालाही बोलावून घेतलं होतं) करून दाखवली. पॅनेलकडची वायर पिनमधून काढली आणि तिच्या मोकळ्या टोकावर मीटर लावला: ४९ व्होल्ट. झकास. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मी बघितलं तवा हेच दिसत हुतं." बरोबर आहे. मग त्याच टोकावर माझा दोन बल्बांचा दिवा लावला. बल्बच्या आतल्या तारा जेमतेम लाल झाल्या, उजेड नाही. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून किडक्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. दिव्याला करंट लागतो, आणि तिथे जोडाचं पितळ उघडं पडतं. कॉन्टॅक्टरच्या कॉइललाही करंट लागतो. या वायरवर इंटरलॉकचा सिग्नल आणि मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय असे दोघे बसलेले होते.

त्यावरून साखळी लागली. जोड कोरडा असताना कसाबसा निभावतो. ओला झाला की कॉइल ओढायला जाते, व्होल्टेज कोसळतं, इंटरलॉक गेल्यासारखा दिसतो, कॉन्टॅक्टर सुटतो. सुटला की भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, इंटरलॉक परत येतो. पण एव्हाना लिव्हर फॉरवर्डमध्येच आहे. कंट्रोलरला दिसतं की दिशा आधी आली आणि इंटरलॉक मागून. क्रम चुकला. दोन लुकलुक, थांबा, दोन लुकलुक.

एकच कोड, कारणं दोन. पहिल्या दिवशी कोडचा अर्थ कळला म्हणजे कारण कळलं असं मी धरून चाललो होतो.

काय केलं

तो जोड नुसता कापून पुन्हा जोडला नाही. हँडब्रेकपासून पॅनेलपर्यंत नवी अख्खी वायर टाकली, मध्ये जोड नाही, टोकांना दाबून बसवलेले लग आणि वर हीट श्रिंक. वायर फूटबोर्डच्या तळाऐवजी बाजूच्या पट्टीने वरून नेली, म्हणजे पाणी साचलं तरी तिच्यापर्यंत येणार नाही. हँडब्रेकचा मायक्रोस्विच उघडा होता, तो बंदिस्त, पाणी न शिरणारा बसवला. फूटबोर्डखाली आणखी दोन पिळलेले जोड सापडले, एक हॉर्नचा आणि एक मागच्या दिव्याचा. तेही काढले.

मेन कॉन्टॅक्टर उघडला. इतक्या थरथरीने टिप्सना, म्हणजे आत एकमेकींना टेकणाऱ्या टोकांना, खड्डे पडले होते. कानशीने घासून सपाट करायचा मोह होतो, पण त्यांच्यावरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर त्यात निघून जातो. नवा टिप सेट मागवला, आठवड्याने बसवला.

एका गोष्टीवर अण्णांशी थोडी घासाघीस झाली. त्यांचं म्हणणं, सीट स्विच कायमचा डायरेक्ट करून टाका, कटकट नको. मी नाही म्हटलं. तो स्विच नसला तर लिव्हर पुढे ठेवून पोरगा खाली उतरला आणि पॅलेटचा धक्का पेडलला लागला की गाडी आपसूक निघेल. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं कोण आसं करतंय?" मी पोराकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. विषय संपला.

निकाल

दुरुस्तीनंतर मी तीच परीक्षा पुन्हा घेतली. मीटर डॅशला, काम नेहमीचं, ऊन दुपारचं. ३० फेऱ्या झाल्या, धरलेला सगळ्यात कमी आकडा ४७.६. त्यानंतर पुढे हंगाम संपेपर्यंत गाडी चालण्यावरून एकदाही अडली नाही.

सामान (वायर, लग, स्विच, टिप सेट) आणि माझ्या चार फेऱ्या धरून खर्च ११ हजारांच्या आत बसला. इलेक्ट्रिशियनने बदललेले कार्बन आणि चावीचा स्विच यांचे पैसे त्यात नाहीत. ते बदलायची गरज नव्हती, पण बदलल्याने काही बिघडलंही नाही. कंट्रोलर जुनाच आहे. व्यापाऱ्याला अण्णांनी जोडाचा फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझ्याकडून. गाडी चालवणाऱ्याला न विचारता मी काम सुरू केलं. मालक सांगतो ते शेवटचं चित्र असतं, 'बंद आहे'. दोष कधी सुरू झाला, कोणत्या वेळी येतो, काय केल्यावर तात्पुरता जातो, हे सीटवर बसणाऱ्याला ठाऊक असतं. 'सकाळी चालते, ऊन चढलं की आडते' एवढं वाक्य पहिल्या दिवशी कानावर पडलं असतं तर मी थेट ओलीच्या मागे लागलो असतो.

दुसरं, दोष ज्या परिस्थितीत येतो त्या परिस्थितीत गाडी न तपासता मी ती सोडली. कोरड्या शेडमधल्या दहा मिनिटांच्या चाचणीला कोल्ड स्टोरेजच्या गाडीसाठी काही किंमत नाही. चहाऐवजी दहा फेऱ्या मारून घेतल्या असत्या तर त्याच दिवशी उलगडा झाला असता आणि अण्णांची एक दुपार वाचली असती.

इलेक्ट्रिशियनबद्दल. तपासण्यापुरता स्विच वगळणं, तेही चाकं हवेत असताना, मी स्वतः करतो. त्याची चूक वगळण्यात नव्हती. ती वायर जागेवर तशीच ठेवून पुढचा निष्कर्ष काढण्यात होती. शिवाय ती पॅनेलच्या जुडग्यात इतकी सफाईने बांधली होती की मला त्याने सांगितलं नसतं तर ती शोधायलाच तास गेला असता. मी आता जंपर लाल वायरचाच ठेवतो, हातभर लांब आणि मुद्दाम बाहेर लोंबणारा, म्हणजे पॅनेलचं झाकणच बसत नाही. जुन्या गाडीवर गेलो की आधी अर्धा तास फक्त पूर्वीच्या हातांच्या खुणा शोधतो: टेप, पिळलेले जोड, वेगळ्या रंगाची वायर, रंगाखाली दडलेला रंग.

विकत घेताना अण्णांना काय दिसलं असतं? फूटबोर्ड चार स्क्रूंवर बसलेला असतो. तो उचलून खाली टॉर्च मारला असता तर टेपचे तीन जोड दिसले असते, आणि किंमतीत निदान पंधरा-वीस हजारांचं बोलणं झालं असतं. ताजा रंग मारलेल्या गाडीचं वायरिंग रंगाने माखलेलं असेल तर आधी ते पुसून पाहावं. आणखी एक: कोल्ड स्टोरेजसाठी गाडी घेताना ती पूर्वी कुठे चालत होती ते विचारावं. ही एका कोरड्या गोडाऊनमधून आली होती. तिथे तोच जोड आणखी पाच वर्षं टिकला असता.

वापरात दोन बदल केले. गाडी रात्री शेडमध्येच, पण फूटबोर्ड उचलून ठेवायची. आणि हंगाम संपल्यावर ती प्रेशर पंपाने धुवायची नाही, कापडाने पुसायची. पोराने त्यात स्वतःचं एक वाढवलं. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीला तो रेडिओ बंद करून कॉन्टॅक्टरचा 'ठक्' ऐकतो.

तो १.१९० चा सेल मात्र तसाच आहे. हंगामाअखेर, पूर्ण चार्जिंग करून पुन्हा मोजला तेव्हा बाकीचे १.२७० च्या वर आले होते आणि तो १.२०५ वर अडकला होता. आता अण्णांनी सेल बदलायचा की अख्खी बॅटरी, यावर मला जूनमध्ये बोलावलंय.